ज्या जागा मोडायच्या नाहीत

आमच्या कॉलनीच्या बागेत पिंपळाला एक पार होता. काळ्या दगडाचा, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, एका अंगाने थोडा खचलेला. सकाळी सहाला पेपर टाकणारी मुले तिथे गठ्ठे सोडून पुरवण्या घालत बसायची. आठ वाजता शाळेची रिक्षा येईपर्यंत त्यावर दप्तरांची रांग. दुपारी बारा-एकच्या सुमाराला घरकामाच्या बायका एक काम उरकून दुसऱ्या कामाला जाण्याआधी तिथेच डबा सोडायच्या. चार वाजले की आसपासच्या आज्या मेथी नाहीतर गवार घेऊन निवडायला यायच्या आणि रात्री जेवणे आटोपल्यावर पोरांचा कट्टा जमायचा. पार एकच, पण तो पाच पाळ्यांत चालायचा.

एका उन्हाळ्यात बागेला पत्र्याचे कुंपण लागले. बाहेर फलक होता: उद्यान सुशोभीकरण. पावसाळा संपता संपता बाग उघडली तेव्हा पायवाटांवर रंगीत पेव्हर ब्लॉक होते, ओपन जिमची सहा यंत्रे होती, मधे लोखंडी हात बसवलेली स्टीलची बाके होती. पार नव्हता. पिंपळाभोवती छातीएवढ्या उंचीची लोखंडी जाळी होती. स्टीलच्या बाकावर गवार निवडता येत नाही, कारण मधे भाजी पसरायला जागा नाही आणि समोरासमोर बसून बोलायची सोय नाही. आज्या दोन दिवस आल्या, तिसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत.

मी संबंधित अभियंत्यांना भेटायला गेलो. गृहस्थ सज्जन होते. त्यांनी कपाटातून नकाशा काढून टेबलावर पसरला. पिंपळाच्या जागी एक हिरवा गोल होता, बस्स. पार नकाशावर नव्हताच. निविदेत मात्र एक ओळ होती, ‘झाडाभोवतालचे जुने बांधकाम काढून टाकणे’. ते मला म्हणाले, “अहो, तुम्ही आधी का नाही आलात?” मला उत्तर देता आले नाही, कारण नकाशा तयार होतो आहे हेच आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हते. आणि ठाऊक असते तरी ‘आमचा पार ठेवा’ असे कुणी आपणहून म्हटले असते का, याचीही मला खात्री नाही. रोज बसायच्या जागेबद्दल माणूस अर्ज लिहीत नाही.

सार्वजनिक जागा नव्याने आखताना लोकांना विचारावे, हे आता सगळेच मान्य करतात. विचारायचे काय आणि कधी, इथे गाडी अडते. या प्रश्नाचे मला सापडलेले सगळ्यांत चांगले उत्तर एका फार लहान गावाने दिलेले आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, उत्तर कॅरोलिना राज्यात, रोअनोक नावाचे बेट आहे आणि त्यावर मँटिओ हे गाव. १९८० च्या जनगणनेत तिथे जेमतेम नऊशे माणसे होती. बोटी बांधणे, मासे धरणे यावर एके काळी चाललेले गाव. ते धंदे बसले होते. उन्हाळ्यात येणारे पर्यटक शेजारच्या समुद्रकिनाऱ्यांवर उतरायचे, मँटिओत थांबायचे नाहीत. हिवाळ्यात हाताला काम नसायचे. इंग्रजांनी अमेरिकेत वसाहत करण्याचा पहिला प्रयत्न याच बेटावर १५८० च्या दशकात केला होता. त्या घटनेला चारशे वर्षे होत आली होती आणि त्या निमित्ताने सोळाव्या शतकातल्या जहाजाची प्रतिकृती गावाच्या धक्क्यासमोर उभी राहायची होती. म्हणजे पर्यटक आता येणार. त्यांच्यासाठी धक्का, बाजाररस्ता, बसायच्या-फिरायच्या जागा नव्याने आखायला हव्यात, असे गावाने ठरवले आणि रँडॉल्फ हेस्टर या आरेखनकाराला बोलावले. तो उत्तर कॅरोलिनातच वाढलेला आणि पुढे बर्कलीच्या विद्यापीठात शिकवणारा.

हेस्टरने आधी सगळे करतात तेच केले. सभा घेतल्या, मुलाखती घेतल्या, याद्या केल्या. लोकांनी नेहमीची उत्तरे दिली: रोजगार हवा, धक्का सुधारा, दुकाने चालली पाहिजेत. ही उत्तरे खरीच होती. पण त्यांत गाव दिसत नव्हते. अशी उत्तरे कुठल्याही गावाने दिली असती.

मग त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगळे काम हाती घेतले. ते नुसते बघत बसले. कोण कुठे, किती वाजता, कुणाबरोबर थांबते. टपाल घ्यायला आलेला माणूस टपाल घेऊन लगेच जातो की पायरीवर अर्धा तास बोलतो. सकाळची कॉफी कुठे आणि कुणाच्या टेबलावर होते. हे सगळे त्यांनी गावाच्या नकाशावर टिपले. गावाचे रोजचे जगणे काही थोड्या ठिकाणी पुन्हा पुन्हा एकवटते, असे त्यातून दिसू लागले. त्या ठिकाणांची यादी त्यांनी गावापुढे ठेवली. लोकांनी तीत भर घातली. आणि मग वर्तमानपत्रातून गावाला एक प्रश्नावली दिली गेली. प्रश्न साधारण असा होता: पर्यटन वाढवण्यासाठी यातली कुठली जागा बदलली तर चालेल, आणि कुठली काही झाले तरी बदलता कामा नये?

आलेल्या उत्तरांची प्रतवारी लावल्यावर जी यादी तयार झाली ती पाहून गावही चकित झाले. गावाभोवतालची दलदल. पोस्ट ऑफिस. सकाळी जिथे मंडळी जमायची ते साधेसे खाणावळवजा हॉटेल. सोडा फाउंटन असलेले औषधाचे दुकान. घरांचे पुढचे ओटे. होड्या पाण्यात सोडायची जागा. एका गावकऱ्याने टाकाऊ मालातून स्वतः रचलेले छोटे उद्यान. गावातच बनवलेल्या आणि धड वाचताही न येणाऱ्या रस्त्यांच्या पाट्या. नाताळात पेट्रोल पंपावर उभे राहणारे झाड. यातल्या काही जागांना लोकांनी गावच्या चर्चपेक्षा आणि दफनभूमीपेक्षाही वरचे स्थान दिले होते. म्हणून या यादीला नाव पडले ‘पवित्र रचना’.

यातल्या बहुतेक जागा दिसायला अगदी सामान्य होत्या. बाहेरून आलेल्या वास्तुविशारदाने त्यांच्याकडे दोनदा पाहिले नसते. आणि या सगळ्या यादीतल्या केवळ दोन जागांना तेव्हाच्या कायद्याने संरक्षण होते. वारसा वास्तूंचा कायदा असो की जमीन वापराचे नियम, ते बघतात वय, शैली आणि मालकी. पोस्टाच्या पायरीवरचा अर्धा तास त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. आमचा पार हिरव्या गोलात हरवला तो याच कारणाने.

पुढे मँटिओने जे केले ते मला सगळ्यांत मोलाचे वाटते. त्यांनी नुसती हळहळ व्यक्त केली नाही. या जागा जशाच्या तशा ठेवल्या तर पर्यटनाच्या उत्पन्नात किती तूट येईल याचा हिशेब मांडला गेला. आकडा वर्षाला लाखो डॉलरचा होता. नऊशे वस्तीच्या आणि हिवाळ्यात बेकार बसणाऱ्या गावाने तो आकडा पाहिला आणि तरीही त्या जागा ठेवल्या. नवे काम त्यांच्या अवतीभोवती आखले गेले: पाण्याकाठचा लाकडी पदपथ, धक्क्याची दुरुस्ती, जहाजाकडे जाणारी वाट. पर्यटक आलेच, पण ते एका चालत्या गावात आले.

आपल्याकडे म्हण आहे, काखेत कळसा आणि गावाला वळसा. माणसाला काय प्रिय आहे ते त्याला विचारून कळेलच असे नाही, कारण ते त्याच्या काखेत असते. त्याला ते दाखवावे लागते. “तुम्हाला बागेत काय हवे?” असे विचारले की लोक दुसऱ्या बागेत पाहिलेल्या वस्तू सांगतात: कारंजे, जिम, सेल्फी पॉइंट. यात त्यांचा दोष नाही. प्रश्नच दुकानात विचारण्यासारखा असतो, म्हणून उत्तरेही खरेदीची येतात. त्याऐवजी “तुम्ही इथे किती वाजता येता, कुठे बसता, कुणाबरोबर?” असे विचारून पाहा. मेथी निवडणाऱ्या आजीला रेखाटनातले ओ की ठो कळत नसेल, पण चार वाजता ऊन कुठून येते, पिंपळाची सावली कुठवर सरकते आणि कुठल्या दगडावर बसले की गुडघे दुखत नाहीत, हे तिच्याइतके कुठल्याही अभियंत्याला माहीत नसते.

पण बघण्यालाही एक मोठी मर्यादा आहे. जो तिथे येतो तोच आपल्याला दिसतो. जो येतच नाही त्याचे काय?

हा प्रश्न व्हिएन्ना शहराने १९९० च्या दशकात विचारला. तिथल्या महापालिकेत महिलांच्या प्रश्नांसाठी स्वतंत्र कचेरी सुरू झाली होती आणि नगररचनाकार एवा काइल तिच्या प्रमुख होत्या. शहरातल्या बागांची पाहणी झाली तेव्हा एक गोष्ट ठळकपणे समोर आली. लहानपणी मुली आणि मुलगे दोघेही बागेत येतात, पण वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षानंतर मुलींची संख्या एकदम घसरते. मुलग्यांची घसरत नाही. कुणी मुलींना बंदी केलेली नव्हती. मैदान एकच होते, जाळीने वेढलेले, आत जायला एक दार. त्यात आधी शिरतील त्यांचे मैदान. दहा वर्षांची मुलगी दाराशी उभे राहून आतल्या बारा मुलग्यांना “आता आमची पाळी” म्हणत नाही. ती घरी जाते.

शहराच्या पाचव्या भागात, मार्गारेटनमध्ये, दोन बागा निवडून १९९९ मध्ये बदल केले गेले. मुलींना विचारून केले. मोठे मैदान छोट्या भागांत विभागले. जाळीला जास्त दारे ठेवली, रुंद ठेवली. फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या जोडीला व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची सोय केली. पायवाटांवर उजेड वाढवला, घोळक्याने बसता येईल अशा जागा केल्या. मुली परत आल्या. खर्च फार मोठा नव्हता. पाहणी मात्र बारकाईने झालेली होती.

आपल्या शहरांना हा धडा जरा जास्तच लागू आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायका आणि सार्वजनिक जागा यांचा काही वर्षे अभ्यास करून २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर’ हे पुस्तक लिहिले. त्यांचे निरीक्षण आपल्यापैकी कुणालाही पडताळता येईल: बाई सार्वजनिक जागेत दिसते ती बहुधा काहीतरी काम करताना, कुठेतरी जाताना, कशाची तरी वाट पाहताना. कामाशिवाय नुसती उभी राहिलेली बाई विरळा. मग बागेच्या सभेला ‘रहिवासी’ म्हणून कोण येतात? सकाळी फिरायला जाणारे निवृत्त गृहस्थ, सोसायटीचे सचिव, स्थानिक मंडळाचे कार्यकर्ते. ही माणसे वेळ देतात, त्यांचे ऋण मानायला हवे. पण बारा वाजता पारावर डबा खाणारी बाई त्या सभेला नसते. तिचे नाव त्या भागाच्या मतदार यादीत नसते, ती तिथे राहत नाही. तरी दिवसातली वीस मिनिटे ती बाग तिची असते. तिला मोजायचे की नाही, हे ठरवल्याशिवाय ‘लोकसहभाग’ या शब्दाला अर्थ नाही. माझे मत स्पष्ट आहे: जागा वापरतो तो त्या जागेचा रहिवासी. सातबारा आणि शेअर सर्टिफिकेट बघून बाग आखायची नसते.

सभेची वेळसुद्धा माणसे निवडते. रविवारी सकाळी अकराला सभागृहात बैठक ठेवली की स्वयंपाकघरातली सगळी माणसे आपोआप गळतात. तीच बैठक बागेत, पारावर, चार वाजता ठेवून बघावी.

शेरी आर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासकाने १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. नगररचना शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती अजून शिकवतात. सगळ्यांत खालच्या दोन पायऱ्यांवर सहभागाचे नुसते नाव असते. लोकांना गुंडाळणे किंवा त्यांची समजूत काढणे एवढेच तिथे घडते. मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे, मत विचारणे, एखाद-दुसऱ्याला समितीवर घेऊन शांत करणे. खरी सत्ता हातात येते ती वरच्या तीन पायऱ्यांवर: भागीदारी, सोपवलेले अधिकार आणि लोकांचे नियंत्रण. आपल्याकडच्या ‘हरकती व सूचना’ या पद्धतीला या शिडीवर ठेवून पाहिले तर ती मधल्या पायरीच्या वर जात नाही. महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना कायद्याने शहराच्या विकास आराखड्यावर हरकती मागवाव्या लागतात, त्यांची सुनावणी घ्यावी लागते. हे कमी महत्त्वाचे नाही. मुंबईचा आराखडा २०१५ मध्ये जाहीर झाला तेव्हा हजारो नागरिकांनी त्यातल्या चुका दाखवल्या आणि तो मागे घेऊन पुन्हा तयार करावा लागला. पण हरकत घेता येते ती आखून झालेल्या रेषेवर. रेघ मारण्याआधी कुणी येऊन विचारत नाही. आणि कोपऱ्यावरच्या बागेच्या सुशोभीकरणासारख्या कामात बहुधा तेवढेही होत नाही. थेट फलक लागतो.

म्हणून पुण्यातला एक उपक्रम मला जवळचा वाटतो. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवते. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो. पदपथ दुरुस्त करा, बाके बसवा, दिवा लावा अशी आपल्या प्रभागातली छोटी कामे त्यात सुचवता येतात आणि मंजूर झाली तर त्यांच्यासाठी तरतूद होते. त्यात उणिवा आहेत. अर्ज एकेकट्याने भरायचा असतो, त्यावर वस्तीत बसून चर्चा होत नाही, आणि शहराच्या मानाने फार थोड्या लोकांना हा अर्ज असतो हे माहीत असते. चर्चेसाठी खरे तर कायदाही आहे: २००९ मध्ये महाराष्ट्राने शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली. ग्रामसभेसारखी शहरातली सभा, काही मतदान केंद्रांमागे एक. ती प्रत्यक्षात उतरली असती तर आमच्या पाराचा निर्णय पाराजवळच झाला असता. ती कागदावरच राहिली याचे मला मनापासून वाईट वाटते.

आखणीत लोक असले की पुढची राखणही तेच करतात. मुंबईत माटुंग्याला डॉ. आंबेडकर रस्त्यावर उड्डाणपूल झाला आणि खालच्या जागेत गाड्या, कचरा, भंगार साचू लागले. आसपासच्या रहिवाशांनी ती जागा सोडली नाही. पाळ्या लावून लक्ष ठेवले, तक्रारी केल्या, महापालिकेकडे बागेचा आग्रह धरला. २०१६ मध्ये तिथे नानालाल डी. मेहता उद्यान सुरू झाले. पुलाच्या खांबांमधून सुमारे सहाशे मीटरची पायवाट जाते आणि तिची वळणे नर्मदेच्या प्रवाहासारखी आखलेली आहेत. दोन्ही बाजूंनी वाहनांचा लोट आणि मधून चालणारी माणसे, हे दृश्य पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी बराच वेळ तिथे थांबलो. एक वृद्ध जोडपे अगदी सावकाश, हात धरून, त्या वळणांवरून चालले होते. पुलाखालची जागा आधी कशी होती हे त्यांनी स्वतः पाहिलेले असणार.

आमच्या बागेत पार पुन्हा बांधला गेला नाही. पिंपळाभोवतीची जाळी मात्र निघाली. त्यासाठी आम्ही एक साधे काम केले. एक वही घेतली, आठवड्यातले दोन वार निवडले, एक कामाचा आणि एक सुट्टीचा. सकाळी सात, दुपारी एक, चार आणि रात्री नऊला बागेत उभे राहून लिहिले: किती माणसे, कुठे, काय करत आहेत. बायका किती, मुली किती, उभ्या किती, बसलेल्या किती. दोन आठवड्यांत जे चित्र निघाले ते कागदावर काढून कार्यालयात नेले. तेच अभियंते होते. त्यांनी तो कागद नकाशाशेजारी ठेवला आणि बराच वेळ पाहिला. दुपारी एकच्या रकान्यात जिमच्या यंत्रांवर पाय सोडून डबा खाणाऱ्या सात बायका होत्या.

तुमच्या भागात अजून पत्र्याचे कुंपण लागलेले नसेल, तर ही वही आजच सुरू करा. त्यात शेवटी एक पान वेगळे ठेवा आणि रोज येणाऱ्या प्रत्येकाला, पेपरवाल्या मुलापासून आजीपर्यंत, एकच गोष्ट विचारून लिहा: इथले काय गेले तर तुम्ही यायचे बंद कराल? ते पान भरले की त्याच्या दोन प्रती काढा. एक क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि दुसरीवर पोहोच घेऊन ठेवा.